पेंड, कडबा आणि पवळ्याचं पोट

"सरक कडब्या, वाळका कुठला! बैलाच्या अंगावर तुकतुकी येते ती माझ्यामुळे," गव्हाणीत पेंड ओरडली.

"आणि पोट कोण भरतं, तुझा बाप?" कडबा खवळला.

गुरं बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. पवळ्या बैलाला आठ दिवसांत गुबगुबीत होऊन जत्रेत मिरवायचं होतं. पेंडीचं ऐकून त्यानं कडबा खाली लोटला आणि चार दिवस नुसती पेंड चापली. पाचव्या दिवशी रवंथ बंद, पोट तट्ट! ऐटबाजाची जत्राच बुडायची वेळ आली, तरी या दोघांचं चालूच.

"तूच रुसून खाली बसलास!"

"तूच मला लोटायला लावलंस!"

शेवटी शेजारची म्हातारी हरणी गाय वैतागून म्हणाली, "मेल्यांनो, भांडायचंच तर दोघं मिळून त्याच्या पोटात जाऊन भांडा, त्यालाच आम्ही गुरं रवंथ म्हणतो!"