नऊ प्याल्यांचा सौदा

मिरजेच्या कुमुदिनी पेठकर जलतरंग शिकवत. त्यांच्या दिवंगत गुरूंचे चिनी मातीचे नऊ प्याले एका व्यापाऱ्याने ऑनलाइन लिलावात काढले, तेही एकेक करून. दोन दिवस मोबाइलला चिकटून बसून बाईंनी नऊच्या नऊ जिंकले. आनंद टिकला तो बिल येईपर्यंत. कुरिअरचा खर्च नऊ वेळा लावला होता आणि तो प्याल्यांच्या किमतीच्या चौपट होता.

पैसे सहापर्यंत भरायचे होते. साडेपाचला बाईंनी त्या व्यापाऱ्याला, विश्वंभर दलालांना, फोन लावला.

"साहेब, प्याले एकाच खोक्यातून येणार ना? मग कुरिअर नऊ वेळा कसं?"

"बाई, प्रत्येक प्याला हा स्वतंत्र सौदा आहे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही."

"मग निदान तीन तरी द्या. आज तेवढ्यांचेच पैसे जमतील."

"मुळीच नाही! एकाचे जरी राहिले, तरी नऊही प्याले पुन्हा लिलावात जातील."

प्याले नऊ वेगळ्या घरी गेले असते, तर गुरूंच्या संचाचे सूर कायमचे मोडले असते. बाई म्हणाल्या, "साहेब, सौदे नऊ असतील, तर तीन प्याले मला मिळायलाच हवेत. आणि एकापायी नऊही जात असतील, तर सौदा एकच झाला. मग कुरिअरही एकच. काय ते तुम्हीच ठरवा."

"नवं बिल पाठवतो," दलाल शेवटी पुटपुटले.

सहाला पाच कमी असताना बिल आलं. कुरिअर एकदाच होतं. घाईत बाईंचा पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला, आणि सहाच्या आत पैसे पोचले.