चोच तुटलेला पोपट

घ्या पांघरूण नीट, आणि ऐका. एक होता पाळणा. साधासुधा नव्हे, बरं का. शिसवीचा, राजाच्या पणजोबांच्या वेळचा. त्याच्या कठड्यावर एक पोपट कोरलेला होता, आणि बाळ रडलं की तो लाकडाचा पोपट गाणं म्हणायचा. राजघराण्यातली सगळी बाळं त्याच्याच गाण्यावर झोपली.

पाळण्याची निगा राखायचे म्हातारे रायाजी मेस्त्री. ते नक्षीकाम शिकवायचेही. दौलत त्यांचा शिष्य. हात सुरेख, पण भारी उतावळा. हत्यारांना धार लावायचा त्याला कंटाळा.

मग राणीला मुलगी झाली. पाळणा काढला, तर पोपटाच्या पंखाला भेग गेलेली. रायाजी नेमके परगावी. दौलत म्हणाला, मी करतो की दुरुस्त. घेतली बोथट कोरणी, दिला मोगरीचा ठोका. कोरणी निसटली, आणि पोपटाची चोचच तुटून पडली.

आता काय करावं? दौलतने चोच कमरेला खोचली आणि राणीला सांगितलं, रायाजींनी हयगय केली, भुंग्याने लाकूड पोखरलं. राणी रागावली. रायाजी परत आले, तर त्यांना राजवाड्याची दारं बंद.  म्हाताऱ्याने हत्यारं गोळा केली, शिष्याकडे एकदा पाहिलं, आणि निघून गेला.

ती नजर दौलतला विसरता येईना. जेवण गोड लागेना. इकडे पोपट गाईना, आणि राजकन्या रडून रडून काळीनिळी व्हायची. दौलतने आंब्याच्या लाकडाची चोच बसवली, ती गळली. मग सागाची बसवली, तीही गळली. मग चंदनाची बसवली, तेव्हा पोपट बोलला. पण गाणं नाही हो. हळूच, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला,

"माझी चोच तुझ्या कमरेला आहे."

दौलतला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तसाच भरल्या दरबारात गेला आणि खाली बघत म्हणाला, "चोच माझ्या हातून तुटली. भुंगा नव्हता. रायाजींवर मी खोटं ढकललं."

 राणी म्हणाली, "मला सांगितलंस. आता त्यांना जाऊन सांग."

हे अवघड होतं, बरं का. खाडीपलीकडच्या गावात रायाजी होड्यांची वल्ही तासत बसले होते. दौलतने चोच त्यांच्या पायाशी ठेवली. सगळं सांगताना त्याला रडू आवरेना. रायाजींनी माफ केलं, असं म्हटलं नाही. धारेचा दगड पुढे सरकवला. दौलत कोरणी घासत बसला. मग रायाजींनी नखावर धार पाहिली आणि उठून पागोटं घातलं.

मग राजवाड्यात येऊन दोघांनी मिळून पंखाची भेग भरली आणि चोच बसवली, सरस लावून. सांधा दिसत होता. पोपटाचा आवाजही जरा बसका झाला होता, पण तो गायला, आणि गाणं संपायच्या आत राजकन्या झोपली.

राणीने रायाजींचा मान त्यांना परत दिला. दौलत पुन्हा नवशिक्यांच्या ओळीत जाऊन बसला, मान खाली घालून. कुणी काही म्हणायचं नाही, तरी मान खालीच. शेवटी एक दिवस रायाजी त्याच्यापाशी थांबले. म्हणाले, "मान वर घे, दौलत. तुझीच सावली कामावर पडतेय."

मग त्याने मान वर केली. आणि पुढे सगळे सुखाने नांदले. झोपा आता, दिवा बारीक करते.