पिंपरखोरीची लांडगिणीची कपार

पिंपरखोरीच्या माळावर एक कपार आहे. तिचं तोंड काजळीनं काळं पडलेलं दिसतं. पाहुणे आले की धुळाअण्णा हाके त्यांना तिथवर नेतात आणि हे सांगतात.

फार मागं, सलग दुसऱ्या दुष्काळात, बिरूबा धनगराच्या वाडग्यातून मेंढरं नाहीशी होऊ लागली. महिन्यात सात गेली. लांडगाच, दुसरं कोण, असं जो तो म्हणे. बिरूबाची थोरली सून मायव्वा हिला तेवढं ते पटत नव्हतं. लांडगा मेंढरू उचलतो तेव्हा रक्त सांडतं, लोकर विखुरते, कुत्री ऊर फुटेस्तोवर भुंकतात. इथं यातलं काहीच नव्हतं.

एका सकाळी कळलं, कपारीत लांडगीण व्यालीय. झालं, सगळे बापे गवताच्या पेंढ्या घेऊन धूर करायला निघाले. मायव्वा कपारीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"मामंजी, आपल्या मेंढराचा एक खूर जरी आत गावला, तर मीच पेंढी पेटवीन. पण आधी मला बघू द्या."

"वैनी, लांडग्याची बाजू घेता व्हय?" धाकटा दीर म्हाकू हसला. बिरूबानं मात्र सुनेच्या कपाळाला भंडारा लावला.

ती रांगत आत शिरली. उग्र वास, गुरगुर, अंधारात दोन डोळे.

"बये, मी बी लेकुरवाळी हाय," ती पुटपुटली.

गुरगुर थांबली नाही, पण लांडगीण जागची हलली नाही म्हणे. मायव्वानं चाचपून पाहिलं. सशांची हाडं लागली, घोरपडीची लागली. मेंढराचं एकही नाही.

इतक्यात मागून धूर आला. लांडगीण तिच्या अंगावरून झेप घेऊन बाहेर पळाली. मायव्वानं ठसकत मागं राहिलेली तिन्ही पिल्लं ओच्यात घेतली, हातांनी जळतं गवत बाजूला सारलं आणि बाहेर आली. समोर थोड्या अंतरावर लांडगीण उभी होती. मायव्वानं पिल्लं भुईवर ठेवली. लांडगिणीनं सगळ्यांदेखत ती एकेक करून नेली. कुणाची काठी उठली नाही.

बिरूबा मागं वळला. "सून आत असताना आग कुणी लावली?"

पेटती चूड म्हाकूच्या हातात होती. मेंढरं त्यानंच दूरच्या बाजारात विकली होती, आणि मायव्वानं आत काय पाहिलं ते बाहेर येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. बापानं त्याला त्याच पावली हाकलला. मायव्वाची भाजलेली बोटं पुढं कधी नीट वळली नाहीत, असं सांगतात.

आजही पिंपरखोरीत रक्त पाहिल्यावाचून कुणी लांडग्यावर आळ घेत नाही. त्यानं खरंच मेंढरू नेलं तर लोक हळहळतात, शिवी देत नाहीत. आणि लेकरू रडायला लागलं की आई त्याला दटावते, "गप, म्हाकू येईल."