ठकीची हजेरी

पाहुणे, वर्गात जाल तर दाराशीच थांबा. पोरे उभी असतील, चुळबुळत असतील; त्यांना बसा म्हणू नका. आमच्या हिरडेवाडीच्या शाळेत आपली हजेरी कुणी स्वतः देत नाही. शेजारच्याने हात धरून ‘हजर’ म्हणायचे. एखादा आला नसेल, तर त्याच्या घरची खबर येईपर्यंत कुणी खाली बसत नाही. ही रीत ठकीपासून पडली, असे सांगतात.

ठकी वरच्या धनगरवाड्यातली. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून तिच्याशेजारी कुणी बसत नसे. हजेरीला ती दबक्या आवाजात ‘हजर’ म्हणे, आणि पाटलांची रंगू तिची हुबेहूब नक्कल करी. वर्ग खिदळे. गुरुजी मान वर करत नसत. मला विचाराल तर निम्मा दोष त्यांचाच.

एके दिवशी दाट धुके होते. ठकी आली नव्हती. तिचे नाव पुकारताच रंगू तिच्या आवाजात ‘हजर’ म्हणाली. सगळे हसले. गुरुजींनी हजेरीपटावर खूण केली आणि पुढचे नाव घेतले.

दिवस कलताना ठकीचा बाप आला. पोरगी घरी पोचली नव्हती. गुरुजींनी पट दाखवला, “सकाळी होती की.” झाले, माणसे शाळेभोवती, ओढ्याकाठी शोधू लागली. वरच्या वाटेने तर बापच उतरून आला होता, म्हणून तिकडे कुणी फिरकेना. ठकी सकाळी शाळेत आलीच नव्हती, हे रंगूला ठाऊक होते. खरे सांगावे तर बाप सोलून काढील, न सांगावे तर ठकी जिवाला मुकेल. ती तीनदा गुरुजींपर्यंत गेली नि तीनदा परतली, म्हणे. चौथ्यांदा तिने सांगून टाकले.

सगळा वर्ग वर धावला. दरीच्या कडेने हाका मारून घसे बसले. ठकी खालीच कपारीत पडली होती, पाय मोडून. तिला सगळे ऐकू येत होते. पण ही पोरे आपल्याला हसायलाच आली असतील, असे वाटून तिने ओठ मिटून घेतले. हे सांगताना मला आजही गलबलते.

मग रंगू कड्यावर पालथी पडली. “ठके, मी रंगू. सकाळी तुझ्या नावानं मीच वरडले. चुकलं माझं. पुन्हा माझ्याशी बोलू नगंस, पर हायेस एवढं तरी सांग.”

 मग खालून आवाज आला, “हजर.”

धुके त्याच क्षणी फाटले, म्हणे.

दुसऱ्या दिवशी रंगू ठकीच्या रिकाम्या जागेशेजारी जाऊन बसली. ठकीचे नाव येताच उठून म्हणाली, “घरी हाय. पाय बांधलाय. ताप उतरला.” हळूहळू सगळ्यांनीच तसे धरले.

आजही ही रीत कुणी मोडत नाही. परवा तपासणीला साहेब आले, तेव्हा एक पोरगी आली नव्हती. दोघी तिच्या घराकडे पळाल्या होत्या. साहेबांनी दोनदा ‘बसा’ म्हटले, आवाज चढवूनही म्हटले. कुणी हलले नाही. साहेबांनी घड्याळ पाहिले, पोरांकडे पाहिले. मग खुर्चीवरून उठून खिडकीशी आले आणि वाटेकडे पाहत म्हणाले, “नाव काय तिचं?”