पिल्लू निजवण्याची पात्रता

जंगल होतं. आटपाट म्हणावं इतकं सपाट नव्हतं, डोंगरउताराचं होतं, पण राजा होता, नदी होती आणि दर पाच वर्षांनी निवडणूकही होती. निवडणुकीला वाघ एकटाच उभा राहायचा. तरी प्रचार जोरात करायचा, कारण त्याला भाषणाची हौस होती. जाहीरनाम्यात तो सगळं लिहायचा, फक्त जेवणात काय असतं तेवढं लिहायचा नाही. कुणी विचारलंही नव्हतं. विचारायला जवळ जावं लागलं असतं.

या जंगलात नदीकाठच्या जांभळाखाली बालवाडी भरायची. सशांची, रानडुकरांची, चितळांची पिल्लं सकाळी तिथे सोडली की आया चरायला आणि एकमेकींशी भांडायला मोकळ्या व्हायच्या. पिल्लांना सांभाळायला ताया होत्या. आणि या तायांना तयार करायची सगुणाक्का.

सगुणाक्का म्हणजे साळिंदर. अंगभर काटे. पण ते अंगालगत पाडून ती अशी बसायची की सशाचं पिल्लू तिच्या पाठीला टेकून घोरायचं. एकतीस वर्षांत एकाही पिल्लाला ओरखडा उठला नव्हता. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, कारण न झालेल्या गोष्टी लिहून ठेवायची त्या जंगलात पद्धत नव्हती.

बालवाडीचा अभ्यासक्रम छोटा होता. दुपारी निजायचं, आणि खुळखुळ ऐकू आली की उठून थेट नदीच्या डोहाकडे पळायचं. साळिंदराच्या शेपटीचे काटे पोकळ असतात, हलवले की वाजतात. दिवसातून एकदा, वेळ न सांगता, अक्का ते वाजवायची. जी नवी ताई तयार झाली असं अक्काला वाटे, तिला ती गळालेल्या पोकळ काट्यांची एक जुडी बांधून द्यायची. ती जुडी म्हणजेच पदवी.

त्या वर्षी कौशी नावाची तरुण मुंगसीण अक्काकडे शिकत होती. सहा महिने झाले तरी तिला जुडी मिळाली नव्हती. कौशीला एका जागी बसवायचं नाही. सारखी मान वळवायची, शेपूट फुलवायची. पिल्लं तिच्याशी खेळायची मनसोक्त, पण झोप आली की उठून दुसरीकडे जायची. याचं कौशीला फार वाईट वाटायचं. बालवाडीची ताई होण्यावाचून तिला आयुष्यात दुसरं काही व्हायचं नव्हतं.

आणि मग वाघिणीने राजपुत्राचं नाव बालवाडीत घातलं.

पहिल्याच दिवशी बछडा चिखलाने माखून घरी आला आणि जेवणाच्या पानाकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, हा माझ्या वर्गातला आहे का?" वाघीण दुसऱ्या दिवशी बालवाडीत हजर.

"याच्या ताईला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"सगुणाक्कांनी," ताई म्हणाली.

"आणि या अक्कांना कुणी शिकवलं?"

हा प्रश्न जंगलात आजवर कुणालाच पडला नव्हता. सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं.

"पिल्लांनी," अक्का म्हणाली.

वाघिणीला हे उत्तर उद्धट वाटलं. आठवड्याभरात 'पिल्लू-शिक्षक-प्रशिक्षक पात्रता मंडळ' स्थापन झालं. अध्यक्षपदी बगळेसाहेबांची निवड झाली. बगळेसाहेबांना मूलबाळ नव्हतं, बालवाडीकडे ते कधी फिरकले नव्हते, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंकाच नव्हती. शिवाय ते पांढरेशुभ्र होते आणि एका पायावर तासन्‌तास उभे राहू शकत. एवढी तपश्चर्या पाहिल्यावर माणूस काय, मासासुद्धा जवळ येतो.

मंडळाने पहिलं काम केलं ते दौऱ्याचं. बगळेसाहेब अक्काच्या बिळापुढे आले. सोबत लिहून घ्यायला कासव होतं. कासव जंगलातलं सर्वांत अनुभवी कारकून. अक्षर मोत्यासारखं, फक्त वेग कासवाचाच.

"एखादी ताई तयार झाली हे आपण कशावरून ठरवता?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"त्यात काय ठरवायचं?" अक्का म्हणाली. "पिल्लू तिच्यापाशी बिनघोर निजलं पायजे. आन् तिनं खुळखुळ केली की तितल्या तितं उठलं पायजे. दोन्ही जमलं की झाली ताई. नुसतं निजवाय काय, अजगरबी निजवतो."

कासवाने लिहायला घेतलं. 'पिल्लू... तिच्यापाशी... बिनघोर... निजलं... पाहिजे.' इथे पूर्णविराम दिला आणि जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर दौऱ्यात पुढचं ठिकाण होतं.

राजपत्र निघालं. त्यात कलम एक असं होतं : 'प्रशिक्षकाच्या सान्निध्यात पिल्लू बिनघोर झोपले पाहिजे.' पुढे कार्यालयात परीक्षेसाठी पिल्लू उपलब्ध होईना, म्हणून दुरुस्ती करून 'पिल्लू' काढलं आणि 'उपस्थित' असा शब्द घातला. कलम दोन : अर्जदाराने मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे प्रशिक्षण घेतलेले असावे. कलम तीन : अर्जदार स्वतः कधीतरी पिल्लू होता, याचा दाखला जोडावा.

अक्काने अर्ज केला. तो परत आला. तिने मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडे शिक्षण घेतलं नव्हतं, आणि ती पिल्लू असताना तिला पाहिलेलं आता कुणी हयात नव्हतं.

"पर मान्यताप्राप्त हाय तरी कोन?" अक्काने विचारलं.

"अद्याप कोणी नाही," बगळेसाहेब म्हणाले. "म्हणून तर मंडळाची गरज आहे."

मग राजाज्ञेने बगळेसाहेब स्वतःच 'आद्य प्रशिक्षक' झाले. त्यांनी आपल्या मेहुण्याला आणि दोन साडूंना चाळीस तासांचं प्रशिक्षण दिलं. विषय होता, 'पिल्लू : संकल्पना आणि आव्हाने'. पहिल्याच तासाला तिघेही गाढ झोपले. कलम एक पूर्ण झालं. चौघांना प्रमाणपत्रं मिळाली. ती लिहायला टाक हवे होते, म्हणून शिपाई अक्काच्या बिळापुढून गळालेले काटे गोळा करून घेऊन गेले.

अक्काला जांभळाखाली यायला बंदी झाली. बोर्ड लागला, 'विनापात्रता प्रशिक्षकांस प्रवेश नाही.' त्या दिवशी अक्का बिळाच्या तोंडाशी बसून राहिली आणि समोरच्या वाटेने पिल्लं जाताना पाहून तिचे डोळे भरून आले. मला हे सांगताना अजून राग येतो.

कौशीपुढे पेच पडला. मंडळाचं प्रशिक्षण घेतलं नाही तर ताई होता येणार नाही, आणि घेतलं तर अक्काला काय तोंड दाखवायचं?

"जा की," अक्का म्हणाली. "त्यास्नी काय पायजे ते त्यास्नी दे. पोरं तरी कुनाच्या हाती ऱ्हातील?" आणि तिने काट्यांची एक जुडी कौशीच्या पुढ्यात टाकली. "ही पदवी न्हवं. तू अजून कच्चीच हायस. पर असू दे जवळ."

कौशी चाळीस तास झोपली आणि पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली.

फाल्गुनात मंडळाचा वर्धापनदिन आला. पळस फुलला होता, गवत वाळून कोळ झालं होतं. जांभळाखाली मांडव घातला. राजा, वाघीण, मंत्री, सगळे आले. एका बाजूला पिल्लांना ओळीत बसवलं होतं आणि त्यांच्याजवळ, प्रमाणपत्र गळ्यात अडकवून, कौशी.

राजाने आधी घोषणा दिली. "पिल्लू घडेल, तर?"

"रान घडेल!" सगळे ओरडले.

"झोपेल पिल्लू, तर?"

याचं उत्तर ठरलेलं नव्हतं, म्हणून सगळे पुन्हा "रान घडेल!" असंच ओरडले.

मग बगळेसाहेब बोलायला उभे राहिले. "बंधूंनो आणि भगिनींनो, पिल्लू म्हणजे काय? पिल्लू ही एक प्रक्रिया आहे. या प्रक्रियेकडे बहुआयामी दृष्टीने पाहताना..." दुसऱ्या आयामाला मंत्री पेंगले. चौथ्याला राजाची मान छातीवर आली. सातव्या आयामाला वाघीण घोरू लागली आणि स्वतःचंच भाषण ऐकत बगळेसाहेबही एका पायावर झोपी गेले. कलम एकची इतकी संपूर्ण अंमलबजावणी जंगलाने कधी पाहिली नव्हती.

पिल्लंही झोपली. पण राजपुत्र सरकत सरकत कौशीच्या कुशीत शिरला, पंजा तिच्या पोटावर टाकला आणि निजला. कौशीने मान वळवली नाही. शेपूट फुलवली नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. इतके महिने जिची वाट पाहिली ती गोष्ट अशी अचानक घडली होती, आणि ती पाहायला अक्का तिथे नव्हती.

तेवढ्यात तिला जळकट वास आला.

वरच्या उतारावर वणवा लागला होता. वाळलेलं गवत तडतडत होतं, वारा खाली वाहत होता. कौशीने मांडवाकडे पाहिलं. सगळं राज्य शांत झोपलं होतं. तिने जुडी उचलली आणि जीव खाऊन हलवली.

खुळखुळ झाली, आणि सगळी पिल्लं एका उडीत उठली. कुणी का म्हणून विचारलं नाही. ससे, डुकरं, पाडसं आणि सर्वांत पुढे राजपुत्र, थेट डोहात. मागे कौशी, मोजत, ओरडत, मागे राहिलेल्याला ढकलत. एकही पिल्लू मागे राहिलं नाही.

मांडवातल्यांना खुळखुळ ऐकू आली होती. पण ती ऐकून काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांना जाग आली ती शेपट्या पोळल्यावर. जीव सगळ्यांचे वाचले. राजाच्या शेपटीचे केस गेले. बगळेसाहेब काजळीने आपादमस्तक काळे झाले. संध्याकाळी त्यांनी निवेदन काढलं, 'जनतेसाठी मी काळवंडलो.'

चौकशी समिती नेमली गेली. वणवा कसा लागला हा तिचा विषय नव्हता. तिच्या अहवालात असं होतं : 'सभा शांततेत चालू असताना श्रीमती कौशी यांनी पूर्वपरवानगीशिवाय उपस्थितांपैकी काहींस जागे केले. सदर कृती पात्रतेच्या कलम एकचा भंग आहे.' प्रमाणपत्र रद्द झालं.

कौशी रडत अक्काकडे गेली.

"रडतीस कशापायी?" अक्का म्हणाली. "निजलं न्हवं बछडं तुझ्यापाशी?"

"निजलं."

"आन् उठलं?"

"एका आवाजात, अक्का."

"मग? झालीस की ताई." आणि काटे अंगालगत पाडून तिने कौशीला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून आया पिल्लांना अक्काच्या बिळापुढे सोडू लागल्या. राजपुत्रही मागच्या वाटेने यायचा. जांभळाखालची बालवाडी मान्यताप्राप्त होती आणि रिकामी होती. हजेरी मात्र शंभर टक्के लागायची.

मंडळाने मनाचा मोठेपणा दाखवला. अक्का आणि कौशीने रीतसर अर्ज केल्यास विचार होईल, असं कळवलं. दोघी कार्यालयात गेल्या. झोपवणाऱ्यांसाठीचे अर्जाचे नमुने तिथे छतापर्यंत रचलेले होते. कौशीने जागं करणाऱ्यांसाठीचा नमुना मागितला.

कासवाने सगळी कपाटं पाहिली. त्याला बराच वेळ लागला.

"तसला नमुना छापलेला नाही," ते शेवटी म्हणालं. "निवडणूक होऊन जाऊ दे, मग बघू."