पानातली रेघ

मुलांनो, ओढ्याकाठच्या एका रानात पाने शिवून घरटे करणारी एक शिंपीण पक्षीण राहत असे. गेल्या साली तिची दोन्ही पिल्ले रानमांजराने नेली होती. म्हणूनच कावळ्याने दवंडी दिली, तेव्हा तिचे काळीज हलले. डोहातल्या कासवाने चित्रांची स्पर्धा मांडली होती. "पानावर चित्र काढून ते ओढ्यात सोडायचं, ते वाहत डोहात जाईल," कावळा सांगत होता. "पण चित्र आपलंच हवं. दुसऱ्याचं उचललेलं चालायचं नाही. ज्याचं चित्र पहिलं ठरेल, त्याला कासव डोहातल्या बेटावरच्या झाडात घरटं बांधू देणार." बेटावर रानमांजर पोहोचत नसे.

शिंपीण दिवसभर पानांना टाके घालत बसली. एकही काम तिच्या मनास येईना. "हे तर माझं रोजचंच, याला चित्र कोण म्हणेल?" असे म्हणून ती उठली, तोच रानलिंबाच्या एका पानावर तिला रुपेरी रेघ दिसली. बारीक निघून रुंदावत गेलेली, वळणावर वळणे घेणारी, जणू देवापुढे काढलेली रांगोळी. तिने देठाला चोच लावली.

"काय गं, शिवणकाम सोडून चित्रकार कधी झालीस?" वरच्या फांदीवरून खारीने विचारले. "ज्याची रेघ आहे त्याला विचारलंस का?"

"कुणाला विचारू? इथे कुणी दिसतंय का? आणि पानावर नाव थोडंच घातलंय," शिंपीण म्हणाली. "उद्या मांजर आलं तर माझी पिल्लं तू राखणार आहेस?"

शिंपिणीने पान तोडले, खुणेसाठी देठाला आपला दोरा बांधला आणि ते ओढ्यात सोडून दिले.

कासवाने आलेली सगळी पाने खडकावर वाळत घातली. निकालाच्या दिवशी त्याने हेच पान पहिले ठरवले. सर्वांना दिसावे म्हणून ते उन्हाकडे धरले, आणि कासव थबकले. "बाई, ही रेघ मध्येच का थांबली?"

"तिथेच संपवावीशी वाटली मला," शिंपीण म्हणाली.

कासवाने पान तिच्यापुढे ठेवले. रेघेच्या टोकाशी, पानाच्या पातळ सालीखाली, तांदळाच्या कणीएवढी एक अळी सुकून पडली होती. "ही नागअळी. पानाच्या आत राहते, खात खात पुढे जाते. तिची वाट हीच तिची नक्षी. तू पान तोडलंस, तसं तिचं खाणंपिणंही तुटलं. आणखी थोडी वळणं घेतली असती, तर पंख फुटून उडाली असती."

"मला ठाऊक नव्हतं हो," शिंपीण पुटपुटली.

"ठाऊक नसतं, म्हणून तर विचारायचं," कासव हळूच म्हणाले.

बेट दुसऱ्याला मिळाले. शिंपिणीने ते पान परत नेऊन त्याच फांदीला शिवले. टाके फार सुबक पडले, पान मात्र हिरवे झाले नाही. त्या साली तिने पुन्हा खालच्या झुडपातच अंडी घातली आणि जीव मुठीत धरून ती उबवली. पण तेव्हापासून तिने एक नेम धरला. कुणी पान तोडायला आले की ती आधी पान उन्हाकडे वळवी आणि म्हणे, "जरा थांब, बाई. आत कुणी आहे का पाहू."

तात्पर्य : न विचारता तोडलेले फूल देवाच्या पायीही वाहू नये; दुसऱ्याची कला आपल्या नावावर खपवणारा नुसते चित्र नेत नाही, ते काढणाऱ्याचा जीव नेतो.