दोन मुठींची करवत

"...मग तुम्हीच सांगा महाराज, या लग्नात मला काय मिळालं?"

हेमगिरी गोसाव्यांनी वर पाहिलं नाही. वादळाने मठाचं छप्पर उडवलं होतं. नव्या तुळईसाठी आणलेलं ऐनाचं खोड अंगणात आडवं पडलं होतं, आणि दोन मुठींची लांब करवत त्यात अर्ध्यावर रुतून होती. समोरची मूठ धरणारा शिष्य जेवायला गेला होता.

"धर ती मूठ," गोसावी म्हणाले. "तोंड मोकळंच राहील तुझं."

रायाजी बसला. करवत सुरू झाली.

रायाजी त्यांचा जुना शिष्य. हुशार, आणि त्या हुशारीचा ताठा पुरेपूर. केसरवर जीव जडला तेव्हा सगळ्यांशी भांडून त्याने तिच्याशी लग्न केलं होतं. आज तो तिला कायमची माहेरी सोडायला निघाला होता. ती मठाच्या डोंगराच्या पायथ्याशी बोचकं घेऊन उन्हात बसली होती. या शहाण्याने तिला वर चल असंही म्हटलं नव्हतं.

"तिच्यापायी भाऊ तोडले मी." रायाजीने करवत ओढली.

"हं." गोसाव्यांनी ओढली.

"ती तापाने फणफणली तेव्हा उशाशी बसून राहिलो."

"हं."

"आणि ती? हल्ली धड हसतसुद्धा नाही. जीव लावायचा तो मीच, समजून घ्यायचं ते मीच. किती दिवस?"

"तुमच्या लग्नाच्या वेळी तिच्या बापाने दार लावून घेतलं होतं ना?"

"हो."

"आज उघडेल?"

रायाजीने खांदे उडवले. "ते तिचं तिने बघावं."

...

गोसाव्यांचा चेहरा लालभडक झाला. करवत येत राहिली, जात राहिली. भुसा पडत राहिला.

थोड्या वेळाने रायाजीच वैतागला. "महाराज, तुम्ही नीट ओढत नाही. सगळा जोर माझाच लागतोय."

"असं?"

गोसाव्यांनी मूठ सोडून दिली.

रायाजी ऐन जोरात होता. तो मागच्या मागे धुळीत आपटला. संतापून उठला, दोन्ही हातांनी मूठ धरून त्याने करवत पुढे रेटली. पातं वाकलं, थरथरलं, खोडात अडकून बसलं. त्याने पुन्हा रेटली. मग ओढली. ती जागची हलेना.

समोरची मूठ तशीच रिकामी होती.

"महाराज..." त्याचा आवाज उतरला होता. "तिकडून धरा ना."

गोसावी एव्हाना मठाच्या ओट्यावर जाऊन उभे होते.

"का? आता सगळी करवत तुझीच आहे. काप!"